दोन खुणांमधलं अंतर

१८१५ साली बीदरजवळच्या माळावर इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनची माणसं एक पोलादी साखळी जमिनीवर मांडत पुढे सरकत होती. साखळी शंभर फुटांची, चाळीस कड्यांची. ती मांडायची, टोकाला खूण करायची, उचलायची आणि पुढे पुन्हा मांडायची. मुलूख निजामाचा होता. त्याच मुलखात उत्तरेला हिंगोली, आणि हिंगोलीच्या वायव्येला आज सेनगाव तालुक्यात असलेलं गोरेगाव. त्या माळावर ठरलेल्या अंतराचा गोरेगावच्या बांधाशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर थोडं लांबचं आहे. पण ते द्यायलाच हवं, कारण आज आपल्या शेतात उभ्या राहणाऱ्या, उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या रोव्हरच्या काठीवर भरवसा किती ठेवायचा, हे त्या उत्तरात आहे.

लॅम्बटन जे मोजत होता ती पायारेषा. मोठा मुलूख मोजायचा तर सगळा साखळीने मोजता येत नाही. मध्ये नद्या येतात, डोंगर येतात, रान येतं. म्हणून सपाट जागी एकच रेषा जिवापाड काळजीने मोजायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून लांबची एखादी टेकडी पाहून कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू कागदावर निघतात. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, मग तिच्यावर तिसरा त्रिकोण उभा राहतो. शेकडो मैलांच्या अशा मालिकेत जमिनीवर खरंखुरं मोजलेलं अंतर एखादंच असतं, बाकी सगळी कोनांची करामत. ते एक अंतर चुकलं तर सगळा नकाशा त्याच प्रमाणात फुगतो किंवा आक्रसतो, आणि कोन कितीही बिनचूक असले तरी ही चूक उघडी पडत नाही.

पहिली पायारेषा त्याने १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ मोजायला घेतली. साडेसात मैलांच्या या रेषेला ५७ दिवस लागले. साखळी लंडनच्या रॅम्सडेनची. इंग्रजांच्या वकिलातीने ती चीनच्या बादशहासाठी नजराणा म्हणून नेली होती, दरबाराला तिचं कौतुक वाटलं नाही, आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. जोडीला दुसरी साखळी होती, पण ती मोजायला वापरायची नाही. काम करणारी साखळी ताणली किंवा झिजली का, हे तिच्याशी ताडून बघायचं. साखळी थेट मातीवर टाकत नसत. तिपायांवर वीस वीस फुटांच्या पाच लाकडी पेट्या बसवून त्यांत ती निजवायची, प्रत्येक पेटीत उष्णतामापक ठेवायचा, वर तंबूची सावली धरायची. एवढा सोहळा कशासाठी, ते हिशेब केल्यावर कळतं. तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढलं की शंभर फुटी पोलादी साखळी इंचाच्या हजार भागांपैकी सात-साडेसात भाग वाढते. एका मांडणीत हे काहीच नाही. पण साडेसात मैलांत साखळी चारशे वेळा मांडावी लागते आणि चारशे वेळांत तीच वाढ तीन इंचांवर जाते. तापमान वाचताना एका अंशाची चूक सतत होत राहिली, तर सगळ्या दक्षिण हिंदुस्थानच्या नकाशाच्या पायात तीन इंच खोटे शिरले असते.

यापुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. मद्रासहून त्रिकोण नेत नेत लॅम्बटन बंगळूरला पोचला आणि १८०४ मध्ये तिथे त्याने दुसरी पायारेषा मोजवली. खरं तर तिची गरज नव्हती. मद्रासच्या रेषेवरून बंगळूरच्या रेषेची लांबी कागदावर निघालेलीच होती. तरी त्याने सात मैल पुन्हा साखळी मांडायला लावली आणि कागदावरचं अंतर जमिनीवरच्या अंतराशी ताडून पाहिलं. फरक निघाला ३.७ इंचांचा. ही दुसरी रेषा पहारा म्हणून होती: मधल्या डझनावारी कोनांत कुठे खोट असती, तर ती इथे पकडली गेली असती. पुढे गुत्तीला आणि मग बीदरला त्याने अशाच रेषा मोजल्या. बीदरच्या रेषेजवळचं दामरगिद्द्याचं ठाणं तर पुढे या साऱ्या मापनाचा एक खांबच ठरलं.

१८१८ च्या १ जानेवारीपासून या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ असं नाव मिळालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट हैदराबादला लॅम्बटनच्या हाताखाली रुजू झाला. बीदरहून त्रिकोणांची माळ उत्तरेला निघाली. तिचा कणा साधारण ७७ अंश ४० कलांच्या रेखांशावर होता, म्हणजे आजचे नांदेड, यवतमाळ आणि अमरावती हे जिल्हे. गोरेगाव या रेषेच्या पश्चिमेला, शंभर किलोमीटरच्या आतच आहे. मुलूख आपल्या ओळखीचाच: काळी माती, वर सपाट माथ्याच्या टेकड्या, खाली पैनगंगेचं खोरं. अशा माथ्यांवर निशाणं रोवून एकावरून दुसऱ्यावर नेम धरायचा, आणि तोही लॅम्बटनच्या रिवाजाप्रमाणे पावसाळ्याच्या आगेमागे, कारण पावसाने धूळ बसली की हवा स्वच्छ होते आणि लांबचं दिसतं. त्या दिवसांतच तापही पसरतो. या कामात किती खलाशी आणि हमाल दगावले; त्यांची नावं आज सहसा सापडत नाहीत.

१८२२ मध्ये वऱ्हाडात अचलपूरजवळ टाकरखेड्याला पुढची पायारेषा मोजली गेली. लॅम्बटनने पाहिलेली ही शेवटची. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याने प्राण सोडला आणि तिथेच त्याला पुरलं. एव्हरेस्ट तेव्हा बीदरहून मुंबईच्या दिशेने त्रिकोण नेत होता. आता सगळा भार त्याच्यावर आला. तापाने त्याचे हातपाय इतके लुळे पडले होते, की तारे पाहण्याच्या यंत्राजवळ त्याला दोन माणसांनी बसवावं आणि उठवावं लागे. दामरगिद्द्यापासून माळव्यातल्या कल्याणपूरपर्यंतचा, १८ अंश ३ कला ते २४ अंश ७ कला अक्षांशांमधला कंस त्याने पुरा केला आणि १८३० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या आकाराचं ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने ओळखलं जाणारं माप त्यातून निघालं. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ हिंदुस्थानचे नकाशे त्याच मापावर निघत राहिले.

पण एव्हरेस्टच्या मनात एक काटा सलत होता, तो साखळीचा. इतक्या वर्षांत ती झिजली, दुरुस्त झाली. तिचे शंभर फूट खरोखर शंभरच राहिले होते का? सगळा नकाशा ज्या अंतराच्या खुंटीला टांगला होता, ती खुंटीच डळमळत असेल तर त्रिकोण बिनचूक असून उपयोग काय? मध्यंतरी तो इंग्लंडला गेला आणि परतताना त्याने कर्नल कोल्बीने योजलेल्या पट्ट्या सोबत आणल्या. प्रत्येक जोडीत एक लोखंडाची आणि एक पितळेची अशा दहा दहा फुटांच्या पट्ट्या मधोमध जखडलेल्या होत्या. उन्हाने पितळ जास्त वाढतं, लोखंड कमी. दोन्हींच्या टोकांना जोडणाऱ्या जिभेवर एक बिंदू अशा हिशेबाने कोरलेला, की पट्ट्या वाढोत वा आक्रसोत, दोन टोकांच्या बिंदूंमधलं अंतर जागचं हलत नाही. अशा सहा जोड्या ओळीने मांडायच्या आणि दोन जोड्यांमधली सहा इंचांची फट सूक्ष्मदर्शकाने जुळवायची. या पट्ट्यांनी त्याने डेहराडूनला नवी रेषा मोजली. कल्याणपूरजवळच्या सिरोंजच्या जुन्या साखळी-रेषेशी तिचा मेळ बसला नाही, तेव्हा सिरोंजची रेषाही पट्ट्यांनी पुन्हा मोजायला लावली. मग त्याचे सहकारी अँड्र्यू वॉ आणि रेनी यांनी सिरोंजपासून दक्षिणेकडचे सगळे कोन नव्याने घेतले, आणि १८४१ मध्ये वॉने बीदरला जिथे लॅम्बटनची साखळी फिरली होती त्या मुलखात नवी पायारेषा मोजली. सिरोंजपासून सव्वाचारशे मैलांचे त्रिकोण मध्ये होते, आणि जवळजवळ आठ मैलांच्या रेषेवर कागद आणि जमीन यांत फरक आला तो जेमतेम सव्वाचार इंचांचा. या कामामागे केवळ गोरे साहेब नव्हते. यंत्रांचे दुरुस्तीकार सय्यद मीर मोहसिन हुसेन आणि १८३१ मध्ये गणक म्हणून लागलेले राधानाथ सिकदर यांच्यावाचून एव्हरेस्टचं पान हललं नसतं.

हे झालं देशाच्या नकाशाचं. गोरेगावच्या शेतकऱ्याला माहीत असलेली साखळी निराळी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इंदापुरात १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवलेली शेतवार मोजणीची मुंबई पद्धत १८७० च्या दशकात दिवाण सालारजंगांच्या कारभारात निजामाच्या मराठी जिल्ह्यांतही आली. शेतात एक आधाररेषा धरायची आणि तिच्यावरून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतर घ्यायचं. ते टिपणात उतरलं आणि टिपणावरून गावनकाशा झाला. बीदरच्या रेषेमागचा विचार आणि टिपणातल्या आधाररेषेमागचा विचार एकच आहे, फक्त व्याप वेगळा. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९९९ च्या १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला, पण बांधाचा तंटा उभा राहिला की आजही टिपणच काढावं लागतं.

आता आकाशातून येणारं माप पाहू. अमेरिकेच्या जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये वर गेला. त्याचा सांकेतिक संदेश वाचून जागा काढली तर काही मीटर इकडेतिकडे होतं. रस्ता शोधायला ते पुरतं, बांधाला मुळीच नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत चार्ल्स काउन्सेलमन यांनी वेगळी वाट दाखवली. संदेश बाजूला ठेवून त्याला वाहून आणणारी रेडिओ-लहरच मोजायची. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिचा अपुरा भाग यंत्राला दोन-तीन मिलिमीटरपर्यंत वाचता येतो. अडचण एकच: उपग्रहापासून आपल्यापर्यंत पूर्ण लहरी किती आल्या, हे यंत्राला कळत नाही. शेवटच्या अपुऱ्या लहरीचा तुकडा हाती लागतो, पूर्ण लहरींची संख्या ओळखावी लागते. प्रत्येक उपग्रहासाठी एक पूर्णांक, आणि तो एकानेही चुकला की जागा दहा-वीस सेंटिमीटर सरकते. शिवाय यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही, ते आपल्या पडद्यावर ठाम उत्तर दाखवून मोकळं होतं. हे पूर्णांक झपाट्याने आणि खात्रीने ओळखण्याची ‘लॅम्डा’ पद्धत हॉलंडमधल्या डेल्फ्टचे पीटर टोइनिसन यांनी १९९३ मध्ये मांडली. जगभरच्या यंत्रांत आज ती किंवा तिची भावंडं चालतात.

इथे जुनी पायारेषा परत येते. समजा ट्रॅक्टरच्या टपावर किंवा फवारणीच्या ड्रोनवर दोन अँटेना एका पक्क्या पट्टीवर बसवल्या आहेत, बरोबर एक मीटर अंतरावर. पहिलीवरून दुसरी कोणत्या दिशेला आहे हे काढलं की वाहनाचं तोंड कुठे आहे ते कळतं. हे काम होकायंत्राने का करू नये? एकतर ट्रॅक्टर सगळा लोखंडाचा, आणि मराठवाड्यात पायाखालचा दगडही त्याला साथ देतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात चुंबकी खनिज असतं; वीज पडलेल्या उघड्या खडकाजवळ तर सुई भलतीकडेच वळते. आपल्या टेकड्यांवर होकायंत्रावर विसंबणं शहाणपणाचं नाही. दोन अँटेनांना हा त्रास नाही, त्यांना फक्त पूर्णांक ओळखायचे आहेत.

पण शेतातल्या यंत्राला दर सेकंदाला कित्येकदा उत्तर हवं असतं. कडेला बाभळीची रांग आली की चार उपग्रह दिसेनासे होतात आणि दिसू लागले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी यंत्रापुढे पूर्णांकांचे अनेक संच येतात, आणि प्रत्येक संच दुसऱ्या अँटेनाची वेगळी जागा सांगतो. एक संच म्हणतो ती ८२ सेंटिमीटरवर आहे, दुसरा म्हणतो १ मीटर १७ वर, तिसरा ९९.८ सेंटिमीटरवर. आपल्याला तर माहीत आहे की ती एक मीटरवरच आहे, कारण पट्टी आपणच कापली. खुंट्याला दाव्याने बांधलेलं वासरू कुठल्याही दिशेला तोंड करील, पण दावं ताणलेलं असताना ते त्या घेराबाहेरही जाणार नाही आणि आतही येणार नाही. दुसरी अँटेना तशीच पहिलीभोवतीच्या एक मीटरच्या गोलावर कुठेतरी असते. जो संच तिला गोलापासून लांब नेतो, तो तपासण्याआधीच बाद. सोपं गणित पाहा: अँटेना एक मीटर अंतरावर असल्या तर एका उपग्रहापासूनच्या दोघींच्या अंतरांत एक मीटरपेक्षा जास्त फरक असूच शकत नाही, म्हणजे त्यात १९ सेंटिमीटरच्या पूर्ण लहरी फार तर पाच मावतात. शक्यतांचं अफाट रान एकदम चिमुकल्या वाफ्याएवढं होतं. २००६ च्या सुमारास टोइनिसन यांनी ही ठाऊक लांबीची अट पूर्णांक शोधण्याच्या गणितातच विणली. आधी उत्तर काढून मग लांबी तपासण्यापेक्षा हे बळकट ठरतं, कारण लांबी शोधालाच दिशा देते आणि एका क्षणाच्या वाचनावरही खरा संच हाती लागण्याची शक्यता खूप वाढते.

लॅम्बटनच्या दुसऱ्या रेषेचं काम आता ही पट्टी करते. फरक इतका, की बंगळूरला पहारा वर्षा-दोन वर्षांनी एकदा बसला, इथे दर क्षणी बसतो.

आणि एव्हरेस्टचा काटाही इथे जसाच्या तसा आहे. ठाऊक म्हणून जे अंतर यंत्राला सांगितलं तेच चुकीचं असेल तर? एक मीटरऐवजी कुणी ९५ सेंटिमीटर भरलं, तर यंत्र खरा संच फेकून देईल आणि ९५ ला जुळणारा खोटा संच आत्मविश्वासाने पुढे करील. चुकीची अट ही अट नसण्याहून वाईट. टेपने मोजताना आपण डब्यांचे मध्य धरतो, पण लहर ज्या बिंदूला प्रत्यक्ष पकडली जाते तो विद्युत-मध्य डब्याच्या मध्यापासून काही मिलिमीटर सरकलेला असतो आणि उपग्रह कोणत्या बाजूला आहे त्याप्रमाणे हलतोही. जवळच्या पत्र्यावरून उसळून आलेली लहर आणखी गोंधळ घालते. म्हणून जाणते लोक लांबीची अट लोखंडी ठेवत नाहीत. एक मीटर, अधिक-उणे एखादा सेंटिमीटर, अशी सैल ठेवतात. उष्णतेची भीती मात्र इथे उरली नाही. हिवाळ्याच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत तीस अंश सेल्सिअसचा फरक धरला तरी एक मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी वाढते. लॅम्बटनने ज्यासाठी तंबू उभारले ते इथे नगण्य आहे, आणि ज्याची त्याला कल्पनाही नव्हती तो विद्युत-मध्य इथला खरा वैरी.

अंतर ठाऊक असण्याचं मोल ओळखणारं याहून मोठं काम हिंगोली जिल्ह्यातच उभं राहणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना आरसे, आणि आरशांमधल्या अंतरात गुरुत्वीय लहरीने पडणारा, प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी बारीक फरक टिपायचा. चार किलोमीटरच्या सरळ रेषेखाली पृथ्वीची गोलाई मीटरभराने वाकते, त्यामुळे भुजा आखतानाही उपग्रहमापनाचाच आधार लागतो. अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्या अशाच सरळ केल्या गेल्या.

आता गोरेगावच्या बांधावर येऊ. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाची ७७ कॉर्स स्थानकं दिवसरात्र उपग्रहांच्या लहरी टिपत असतात. त्यांच्या जागा पक्क्या ठाऊक असल्याने त्यांच्यावरून दुरुस्ती घेऊन भूमी अभिलेखचा रोव्हर काही सेंटिमीटरांत जागा सांगतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजून पाहिल्यावर तोच मार्ग २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने देशभर नेला. काम झपाट्याने होतं आणि ते चांगलंच आहे. पण रोव्हरच्या काठीवर अँटेना एकच असते. तिच्या सोबतीला एक मीटरची पट्टी नाही, त्यामुळे पूर्णांक ठरल्याची ‘फिक्स’ ही खूण पडद्यावर आली तरी ते खरे आहेत की खोटे, हे सांगायला तिच्याजवळ दुसरा साक्षीदार नाही. झाडाखाली, विहिरीच्या पत्र्याजवळ किंवा विजेच्या खांबाशेजारी हा धोका जास्त.

साक्षीदार आपल्या गावात मात्र आहे. टिपणात अंतरं लिहिलेली आहेत आणि बांधावरच्या कायम खुणांचे दगड अजून बऱ्याच ठिकाणी उभे आहेत. त्यांतले दोन दगड म्हणजे गावाची पायारेषा. तेव्हा तुमच्या गटाची मोजणी येईल त्या दिवशी भूकरमापकांना एक विनंती जरूर करा: शेताला हात घालण्याआधी दोन जुन्या खुणांवर रोव्हर लावा, त्यांच्यामधलं अंतर काढा आणि ते टिपणाशी ताडून पाहा. जुळलं तर पुढे जा. जुळलं नाही तर तिथेच थांबून आधी रोव्हर तपासा, मग दगड, मग टिपण. आणि नांगरताना खुणेचा दगड उपटून बांधावर फेकू नका.